मंडळी तयार नाही, हे विचारलंत कुणाला?

महाराष्ट्रातल्या मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती मंडळ्यांचे (चर्चचे) बिशप, पाळक (धर्मगुरू) आणि मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टोरेट कमिट्यांचे सभासद यांना खुले पत्र

माननीय बिशप महाशय, आदरणीय पाळकसाहेब आणि कमिटीवरच्या बंधूंनो,

सप्रेम सलाम.

मी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळेत झाली आणि रविवारची शाळा नोकरीच्या आधीपासून घेत आले, अजून घेते. आज कमिटीवर असलेल्यांपैकी काहींना दहा आज्ञा मीच पाठ करून घेतल्या आहेत. म्हणून थोडं स्पष्ट बोलले तर राग मानू नये. बाईंनी कान धरला, एवढंच समजावं.

पत्राचं कारण असं. माझ्याच रविवारच्या शाळेत वाढलेल्या एका मुलीची पाळकीय दीक्षा, म्हणजे तिला पाळक म्हणून नेमायचा विधी, गेल्या महिन्यात तिसऱ्यांदा पुढं ढकलली गेली. मुलगी मी म्हणते, ती आता तिशी ओलांडलेली आहे. पदवी घेतली, मग धर्मशास्त्राची बी.डी. केली, हिब्रू आणि ग्रीकचे पेपर दिले, ठरलेली उमेदवारी पुरी केली. तिच्यामागून दोन वर्षांनी शिकून आलेल्या मुलाची दीक्षा झाली. त्या उपासनेत शास्त्रपाठ हिनंच वाचला, आणि चांगला वाचला. हिला मात्र पत्रसुद्धा आलं नाही. फोनवर सांगितलं, "मंडळी अजून तयार नाही. धीर धर. तोपर्यंत वसतिगृह सांभाळ."

मंडळीचं किंवा धर्मप्रांताचं, म्हणजे बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशाचं, नाव मी लिहीत नाही. नाव घेतलं की प्रश्न त्या एका मंडळीचा होतो आणि बाकीचे मोकळे सुटतात. बंद पाकिटातलं पत्र आधी पाठवून झालं आहे. उत्तर आलं नाही, म्हणून हे उघडं.

"मंडळी तयार नाही." हे कुणाला विचारलं? मंडळीची सभा झाली नाही. आम्ही बायका देवळात डावीकडे बसतो. आमच्या बाजूला पावसाळ्यातही बाक पुरत नाहीत, पोरीबाळी खाली सतरंजीवर बसतात. उजवीकडे पाय पसरून बसावं इतकी जागा असते. त्या डाव्या बाजूला एकीलाही कुणी विचारलं नाही. मग तयार नसलेली ही मंडळी म्हणजे कोण?

आणि हीच मंडळी एप्रिल २०२१ मध्ये तयार होती. कोविडची दुसरी लाट. पाळकसाहेब आजारी, कमिटीतले दोघं दवाखान्यात, कबरस्थानात जायला कुणी धजेना. तेव्हा ही मुलगी ते पांढरे प्लास्टिकचे कपडे घालून उभी राहिली. मातीला माती म्हणणारा आवाज तिचाच होता. माझ्या धाकट्या दिराला तिनंच पोहोचवलं. आम्ही घरचे फाटकाबाहेर. त्या महिन्यात "बाईमाणूस कशी काय दफन करते" असं कुणी विचारलेलं मला आठवत नाही.

खरं सांगायचं तर मीही यातून सुटलेली नाही. काही वर्षांपूर्वी माझं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती प्रार्थनेला आली. मी पडल्या पडल्या विचारलं, "साहेब नाही का येणार?" ती हसली आणि तिनं प्रार्थना केली. नंतर कितीतरी दिवस मला ते लागून राहिलं. महिला मंडळातही अशा आहेत ज्यांना बाईच्या हातची प्रभूची भाकर, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ वाटतात ती प्रभुभोजनाची भाकर, नको वाटते. हे पत्र त्यांनाही आहे. पण दीक्षा देणं-न देणं त्यांच्या हातात नाही, तुमच्या आहे.

शास्त्राचं मी थोडक्यात बोलते, कारण तिथं वाद घालायला तुम्हाला फार आवडतं. बायबलात, प्रेषित पौलानं तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं बारावं वचन मला दर वेळी ऐकवलं जातं: स्त्रीनं शिकवू नये. बरं. त्याच अध्यायातलं नववं वचन केस गुंफण्याबद्दल, सोन्यामोत्यांबद्दल आणि मोलाच्या वस्त्रांबद्दल आहे. नाताळच्या उपासनेला आमच्या अंगावर पैठण्या, गळ्यात सोनं आणि डोक्यात गजरे असतात. दारात उभं राहून कुणी वेण्या तपासल्याचं ऐकिवात नाही. करिंथकरांच्या पहिल्या पत्रात स्त्रियांनी मंडळीत गप्प राहावं असं आहे, हे खरं. पण तीनच अध्याय आधी, अकराव्यात, प्रार्थना करणाऱ्या आणि संदेश देणाऱ्या स्त्रीनं डोकं झाकावं, असंही तोच पौल सांगतो. गप्प बसणारी बाई संदेश कसा देईल? रोमकरांच्या पत्रात किंख्रियाच्या मंडळीची फिबी आहे. तिच्यासाठी पौलानं 'सेवक' या अर्थाचा जो ग्रीक शब्द वापरला तोच तो स्वतःसाठी आणि अपुल्लोस या पुरुष उपदेशकासाठी वापरतो. हे मला ग्रीक येतं म्हणून सांगत नाही. त्या वसतिगृहात बसवलेल्या मुलीनं शिकवलं म्हणून सांगते.

आणि शास्त्रानं जर मनाई केली असेल, तर ती तुमच्याच वरिष्ठांना का दिसली नाही? चर्च ऑफ साउथ इंडिया या दक्षिणेतल्या प्रॉटेस्टंट चर्चनं १९७६ मध्ये स्त्रीला दीक्षा दिली. २०१३ मध्ये आंध्रातल्या नंद्याळ धर्मप्रांताला एगोनी पुष्पा ललिता या बिशप मिळाल्या. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० मध्ये आपल्या नागपुरातच स्थापन झालं, आणि तिथंही स्त्रियांच्या दीक्षेचा दरवाजा १९८० च्या दशकापासून उघडा आहे. अलीकडे ओडिशातल्या फुलबनीला एक स्त्री बिशप झाल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी, म्हणजे इंग्लंडच्या चर्चमधल्या धर्मगुरूंच्या सर्वांत वरच्या पदासाठी, सेरा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. त्या आधी नर्स होत्या. आपल्याकडे नर्स नाही असं ख्रिस्ती घर शोधावं लागेल. त्या बातमीचं कात्रण आमच्या सूचनाफलकावर तुम्हीच लावलंत, खाली "देवाची स्तुती असो" असं लिहून. फलकामागच्या खोलीत बैठक चालू होती, आणि तिथं हिची फाइल बाजूला ठेवली जात होती.

म्हणजे नियम आड येत नाही. मग काय आड येतं?

जे बैठकीत कुणी बोलत नाही आणि बैठक संपल्यावर चपला घालताना बोलतात, ते आता लिहिते. "सगळं ठीक आहे हो, पण त्या दिवसांत ती प्रभुभोजन कसं देणार?"

हे वाक्य मी दोनदा माझ्या कानांनी ऐकलं आहे. बोलणारे चांगले लोक होते, शिकलेले. मी दोन्ही वेळा घरी आले आणि गप्प बसून राहिले, कारण काय बोलावं ते सुचेना.

आपल्यातली बरीच घरं कुठून आली हे आपल्याला माहीत आहे. महारवाड्यातून, मांगवाड्यातून. माझ्या पणजीला विहिरीला हात लावायची मुभा नव्हती. कुणीतरी वरून ओंजळीत पाणी ओतेल तेव्हा प्यायचं. तिची सावली पडली तर विटाळ. मिशनच्या माणसांचं बाकी काय असेल ते असो, पण एकाच भाकरीतून आणि एकाच प्याल्यातून घेणारी मेज तिनं पाहिली आणि ती हरखली. त्या मेजेसाठी ती ख्रिस्ती झाली, असं माझी आजी सांगायची. सिद्धांत-बिद्धांत तिला कळत नव्हते. आणि आता तिच्याच पणतवंडांच्या मंडळीत, त्याच मेजेजवळ, विटाळ परत आला आहे. फक्त तेव्हा तो तिच्या जातीचा होता, आता तिच्या देहाचा.

मार्काच्या पाचव्या अध्यायातली बाई बारा वर्षं रक्तस्रावानं पीडलेली होती. गर्दीतून आली आणि प्रभूच्या वस्त्राला शिवली. मराठीत हा शब्द किती नेमका आहे बघा: शिवली. शिवाशिवीतलं शिवणं. प्रभू मागं वळला तो "कोण शिवलं" म्हणून अंघोळीला जायला नाही. त्यानं तिला सगळ्यांसमोर "मुली" म्हटलं. हा उतारा तुम्ही दर वर्षी आरोग्य रविवारी वाचता.

आणखी एक विचारते. शनिवारी संध्याकाळी प्रभुभोजनाचे प्याले कोण धुतं? भाकरीचे तुकडे कोण कापतं? मेजेवरचं पांढरं कापड कुणाच्या घरी धुवायला जातं? तीस-पस्तीस वर्षांत मला एकदाही कुणी तारीख विचारली नाही.

माझी आजी बायबलबाई होती. आजच्या मुलांना हा शब्दही ठाऊक नसेल. हातात पिशवी, पिशवीत शुभवर्तमानं आणि गीतांचं पुस्तक, पायी गावोगाव. ज्या उंबऱ्याच्या आत पाळकाला जाता येत नसे, तिथं ती चुलीपाशी बसायची, बायकांना गोष्टी सांगायची, अक्षरं गिरवून घ्यायची. तिनं तयार केलेल्या बायांचा बाप्तिस्मा मात्र साहेब येऊन देत. फोटोत साहेब मध्ये उभे, आजी कडेला, अर्धी कापली गेलेली. तो फोटो माझ्याकडे आहे.

ही आपली जुनी रीत आहे: काम बाईचं, नाव दुसऱ्या पायरीवर. अमेरिकन मिशनरी सिंथिया फरार १८२७ मध्ये मुंबईला आल्या, अविवाहित, एकट्या. पुढं नगरला त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्या शाळा पाहून जोतीरावांना प्रेरणा झाली आणि सावित्रीबाईंनी तिथं शिक्षणाचे धडे घेतले. पण त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन मिशन बोर्डाच्या दप्तरी अशा स्त्रियांची नोंद 'सहायक मिशनरी' अशीच व्हायची. आणि गंमत बघा, नगरचं मिशन ज्या काँग्रिगेशनल (प्रत्येक मंडळीनं आपला कारभार आपण पाहायचा, अशा) परंपरेतलं, त्याच परंपरेतल्या एका छोट्या अमेरिकन मंडळीनं १८५३ मध्ये अँटोनेट ब्राउन या बाईंना दीक्षा दिली होती. तो वारसा तेवढा आपल्याकडे उतरला नाही.

पंडिता रमाबाईंचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे महिला रविवार होत नाही. त्यांचं चित्र आमच्याही देवळात आहे. तर त्यांचीच गोष्ट. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी वीस वर्षांच्या या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला 'पंडिता' आणि 'सरस्वती' म्हटलं. १८८३ मध्ये इंग्लंडात तिचा बाप्तिस्मा झाला. पुढं चेल्टनहॅमच्या कॉलेजात तिनं तरुण पुरुषांना शिकवायची गोष्ट निघाली, तेव्हा हिंदुस्थानात काम केलेल्या बिशपांनी हरकत घेतली. रमाबाईंनी कळवलं, की माझ्या आईनं किंवा मी तरुण पुरुषांना शिकवण्याला माझ्या वडिलांनी हरकत घेतली नाही, माझ्या नवऱ्यानंही नाही. इंग्रज माणसं घेतात याचं मला नवल वाटतं. तिचे सनातनी वडील अनंतशास्त्री डोंगरे पुढं आणि बिशप मागं, असा तो हिशेब होता. रमाबाईंनी नंतर हिब्रू आणि ग्रीकवरून संपूर्ण बायबल मराठीत आणलं. त्यांच्या केडगावच्या मुक्तिसदनात बायकांनीच छपाईचे खिळे जुळवले, बायकांनीच छापलं. १९२२ मध्ये त्या गेल्या. बायबल भाषांतर करायला बाई चालली, छापायला चालली. ते उघडून प्रभूच्या मेजेमागं उभं राहायला शंभर वर्षांनीही चालत नाही.

लांब कशाला जायचं. मुक्तिफौज (सॅल्व्हेशन आर्मी) या फौजी हुद्दे वापरणाऱ्या ख्रिस्ती पंथाची पहिली तुकडी १८८२ मध्ये मुंबईच्या धक्क्यावर उतरली तेव्हा तिच्यात चौघं होते, आणि त्यांतली एक बाई. आपल्या शेजारच्या गल्लीत आजही कॅप्टनबाई, मेजरबाई उपदेश करतात, हिशेब बघतात, बदलीवर जातात, आणि आभाळ कोसळलेलं नाही. मुक्तिफौजेत बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन नसतं, हे मला माहीत आहे. कुणी हात वर करायच्या आधीच सांगते. पण तुमची हरकत तर उपदेशालाही आहे, आणि मंडळीच्या कारभारालाही.

कारभाराचं आलंच आहे तर. राज्यातल्या ग्रामपंचायतींमध्ये २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. आमच्या गावाला दोनदा बाई सरपंच झाली. पहिली खरंच नवऱ्याच्या सांगण्यावर सही करायची. दुसरीनं ठेकेदाराला भर ग्रामसभेत उभं केलं. गाव तयार होतं की नाही हे कुणी विचारलं नाही, गाव आपोआप तयार झालं. आमच्या कमिटीत 'महिला प्रतिनिधी' म्हणून एक जागा आहे. त्या भगिनीला विषयपत्रिका आधी मिळत नाही. चहा मात्र तिनंच सांगायचा असतो.

आणि ज्या थोड्या जणींना दीक्षा मिळते त्यांचं काय होतं, हेही मी पाहिलं आहे. कुठं वसतिगृह, कुठं शाळा, कुठं दवाखान्यातली प्रार्थना. स्वतंत्र मंडळी नाही. नवराही पाळक असेल तर त्याच्या नेमणुकीतच हिला जोडून टाकायचं, एका पगारात दोन पाळक. बाळंतपणाची रजा मागितली तर "म्हणूनच आम्ही म्हणत होतो" हे ऐकून घ्यायचं. मुलाखतीत लग्नाचं विचारायचं: कधी करणार, कुणाशी करणार, तो येऊ देईल का? हिला हेच विचारलं. तिच्या वर्गातल्या मुलांना कुणी विचारलं नाही.

आपल्या भाषेतही तिच्यासाठी जागा नाही. पाळकाची बायको ती पाळकीणबाई. मग जी स्वतः पाळक आहे ती कोण? मोठी माणसं अडली. रविवारच्या शाळेतल्या पोरांनी तिला केव्हाच 'पाळकताई' करून टाकलं आहे, कमिटीचा ठराव न घेता.

मागणं फार नाही.

एक, हिच्या आणि हिच्यासारख्या प्रत्येक उमेदवार स्त्रीच्या दीक्षेबाबत निर्णय लेखी द्या, तारखेसह. नकार असेल तर कारणही लिहा. "मंडळी तयार नाही" हे कारण लिहायचं असेल तर मंडळीची सभा घ्या, बायकांची मतं मोजा आणि मग लिहा.

दोन, मुलाखतीचे प्रश्न मुलाला आणि मुलीला सारखे ठेवा. लग्नाचा प्रश्न काढून टाका, नाहीतर दोघांनाही विचारा.

तीन, दीक्षा झालेल्या स्त्रीला मंडळी द्या. पुरी मंडळी, पाळकाच्या बंगल्यासकट, दप्तरासकट आणि पुऱ्या पगारासकट. वसतिगृहालाही माणूस लागतो, कबूल. मग एखाद्या वर्षी तिथं बंधूंपैकी कुणाला तरी पाठवून बघा.

चार, कमिटीत एका प्रतिनिधीवर भागवू नका. निम्म्या जागा द्या, आणि विषयपत्रिका आधी द्या.

पाच, कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा २०१३ मध्ये झाला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असली की अंतर्गत समिती हवीच. धर्मप्रांताच्या कचेरीत, शाळांत, दवाखान्यांत ती आहे का, तिच्यात कोण आहे, हे देवळाच्या फलकावर लावा. नसेल तर नेमा.

आणि सहावं फक्त बिशप महाशयांसाठी. एका रविवारी आपण स्वतः व्यासपीठावरून सांगा, की पाळीमुळं कुणी प्रभूच्या मेजेला अपवित्र होत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. पण ते आपल्या तोंडून यायला हवं. चपला घालताना बोलणारे आपलंच ऐकतात.

वसईकडच्या माझ्या कॅथलिक मैत्रिणी म्हणतात, तुमच्याकडे निदान दार तरी आहे. त्यांचं खरं आहे. त्यांना वरूनच नाही म्हटलेलं आहे आणि त्यांची लढाई वेगळी आहे. आमच्याकडे वरून हो म्हटलेलं आहे; आमची फाइल गल्लीतल्या टेबलावर अडली आहे.

मंडळी सोडून जायचा माझा विचार नाही, तशी धमकी दिली असं दप्तरात लिहू नका. माझा बाप्तिस्मा, माझं लग्न, माझ्या आईबापाचं दफन, सगळं त्याच रजिस्टरात आहे. कापणीच्या सणाला, देवळाला दिलेल्या माझ्या कोंबड्यांचा लिलावही यंदा होईल. फक्त एक कळवून ठेवते. दर उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांतला तिसरा आम्हा बायकांना बोलायला मिळतो, कारण त्यात आई आहे: "बाई, पाहा, हा तुझा मुलगा." मी तो अकरा वेळा घेतला. येत्या वर्षी मला तिसरा लावू नये. पाचवा रिकामा असेल तर तो द्यावा: "मला तहान लागली आहे."

प्रभूमध्ये आपली,
महिला मंडळाची एक सभासद